तिसऱ्या तुकडीची मिनिटं

खो-खोच्या सामन्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत ठरलेल्या घडणीत येते. कोण जिंकलं, किती गुणांनी, किती मिनिटं राखून की एक डाव राखून. आणि मग नावांची रांग, प्रत्येक नावापुढे कंसात आकडे. '२.१० मि. संरक्षण, ३ गडी' असं छापलेलं असलं की समजायचं, हा खेळाडू दोन मिनिटं दहा सेकंद कुणाच्या हाती लागला नाही आणि पाठलाग करताना त्यानं तिघांना टिपलं. क्रिकेटमध्ये फलंदाज किती मिनिटं खेळपट्टीवर होता हे बहुधा सामना वाचवल्यावरच कुणी विचारतं. कबड्डीत चढाईचे आणि पकडीचे गुण मोजतात. मैदानात काढलेला वेळ हीच कमाई, आणि तीही सेकंदापर्यंत लिहून ठेवलेली, हा खो-खोचा खास रिवाज.

बातमीत दोन्ही संघांची मिळून आठ-दहा नावं येतात. एकेक संघ मात्र बाराचा असतो: मैदानात उतरतात नऊ, राखीव राहतात तीन. म्हणजे छापलेल्या नावांपेक्षा न छापलेली जास्त. मोठ्यांच्या सामन्यात त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तिथे जो चालेल तोच खेळणार. पण चौदा वर्षांखालच्या पोरांच्या संघात कोण किती वेळ खेळलं आणि कुठे बसून खेळलं, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. तो बहुतेक शाळांत सरांच्या डोक्यात असतो, आणि डोक्यातला हिशेब नेहमी जिंकून देणाऱ्यांच्या बाजूनं झुकतो.

पाली हे रत्नागिरी तालुक्यातलं मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. कोल्हापूरचा रस्ता इथूनच नाणीज, साखरप्याच्या दिशेनं फुटतो. शालेय क्रीडा स्पर्धांच्या दृष्टीनं हा फाटा अर्थपूर्ण आहे. क्रीडा खात्याच्या रचनेत रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात मोडतो. सिंधुदुर्ग, सांगली, साताराही त्यातच. तालुक्याचे आणि जिल्ह्याचे सामने रत्नागिरीच्या बाजूला, म्हणजे वीसेक किलोमीटरवर. जिल्हा जिंकला आणि विभागाचे सामने कोल्हापुरात असले, तर आंबा घाट चढून शंभराहून जास्त किलोमीटर जायचं. पहाटे डबा बांधून निघालेली सातवीतली मुलगी घाटात दोनदा ओकते, मैदानावर पोचते, आणि संध्याकाळी परतताना तिच्या खात्यावर किती सेकंद जमा असतात? काही वेळा शून्य. आणि ती राखीव नव्हती. नऊ जणींत होती.

हे कसं होतं ते कळायला खेळाची बांधणी आठवावी लागेल. सामन्यात दोन डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांची एकेक आक्रमणाची आणि एकेक संरक्षणाची पाळी. मोठ्यांची पाळी ९ मिनिटांची, किशोर-किशोरी, म्हणजे चौदा वर्षांखालच्या गटाची ७ मिनिटांची. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर आठ चौकांत आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. संरक्षण करणारे मात्र नऊही एकदम धावत नाहीत. ते तिघातिघांच्या तुकडीनं उतरतात. पहिली तुकडी पूर्ण बाद झाली की दुसरी, ती संपली की तिसरी. हा क्रम डाव सुरू होण्याआधी गुणलेखकाकडे लिहून द्यावा लागतो; मधेच मनात आलं म्हणून चौथ्या क्रमांकाच्या मुलीला दुसऱ्या क्रमांकावर उतरवता येत नाही. नऊही बाद झाले तर पहिली तुकडी त्याच क्रमानं पुन्हा येते.

आता समजा, पालीतल्या एखाद्या शाळेचा किशोरी संघ संरक्षणाला उतरला आहे. मुलींना नावांऐवजी क्रमांक देऊ. पहिल्या तुकडीतली १ क्रमांकाची १.१० मिनिटांना बाद झाली, २ क्रमांकाची २.२० ला, ३ क्रमांकाची ३.०५ ला. लगेच दुसरी तुकडी आत. घड्याळात ४.०० ला चौथी गेली, ४.५० ला पाचवी, ५.४० ला सहावी. त्यांची वैयक्तिक वेळ त्यांच्या तुकडीच्या प्रवेशापासून धरायची, म्हणून चौथीच्या नावावर ०.५५, पाचवीच्या १.४५, सहावीच्या २.३५. तिसरी तुकडी ५.४० ला आली. सातवी ६.३० ला बाद, म्हणजे ०.५०, आठवी आणि नववी पाळी संपेपर्यंत नाबाद, प्रत्येकी १.२०.

बेरीज करताना एक खड्डा आहे. खो-खोतला १.४० म्हणजे एक पूर्णांक चार दशांश मिनिट नव्हे, एक मिनिट चाळीस सेकंद. १.४० आणि २.५० मिळून ४.३० होतात, ३.९० नाही. मोबाइलच्या साध्या गणनयंत्रावर बेरीज करणाऱ्या शिक्षकाचा हिशेब दोन सामन्यांत बिघडतो. त्यापेक्षा सगळे सेकंद करून लिहावेत आणि शेवटी साठनं भागावं. वरच्या पाळीत पहिल्या तुकडीचे ३९५ सेकंद भरतात, दुसरीचे ३१५, तिसरीचे २१०. मिनिटांत ६.३५, ५.१५ आणि ३.३०.

तिसऱ्या तुकडीला पहिलीच्या निम्म्याहून थोडंच जास्त मिळालं, आणि हा संघ बेताचा होता: सात मिनिटांत सात गडी गेले. संघ चांगला असला की काय होतं ते पाहा. पहिली तुकडी साडेचार मिनिटं टिकली आणि दुसरीतली एखादी शेवटपर्यंत हाती लागली नाही, तर तिसरी तुकडी मैदानाच्या कडेला उभी राहूनच पाळी संपते. दुबळ्या संघात सगळ्याजणी धावतात, कधी कधी पहिल्या तिघी दोनदा धावतात. तयार संघात तिसरी तुकडी कोरडी राहते. प्रशिक्षकाची मेहनत जितकी फळाला येते तितका शेवटच्या तिघींचा वेळ आटतो, असा हा उलटा व्यवहार आहे. तो कुणाच्या दुष्टपणातून आलेला नाही, खेळाच्या रचनेतूनच आला आहे. म्हणून चांगल्या मनाच्या सरांकडूनही तो सहज घडतो, आणि लिहिलेला नसला तर त्यांना दिसतही नाही.

अमेरिकेतल्या पोरांच्या बेसबॉलनं हा प्रश्न फार आधी ओळखला. बेसबॉलही नऊ जणांचा. आपल्याकडे तो आणि सॉफ्टबॉल शालेय स्पर्धांच्या यादीत आहेत, मात्र कोकणातल्या खेड्यात मैदानावर क्वचितच दिसतात. त्या खेळाच्या नोंदीची पद्धत बसवणाऱ्यांत हेन्री चॅडविक या पत्रकाराचं नाव पुढे येतं. १८२४ साली इंग्लंडात जन्मलेला, न्यूयॉर्कला वाढलेला हा गृहस्थ आधी क्रिकेटचे सामने लिहीत असे, आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्यानं बेसबॉलचा तक्ता घडवला. पुढे मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा रूढ झाला: चेंडू टाकणारा १, त्याच्यासमोर बसून झेलणारा २, तीन थांब्यांवरचे ३, ४, ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मधला ६, लांबचे तिघे ७, ८, ९. '६-४-३' एवढं लिहिलं की चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला आणि फलंदाज कसे बाद झाले ते कळतं.

१९३९ साली पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू झाली. तिच्या नियमांत एक कलम आहे: संघातल्या प्रत्येक मुलाला सामन्यात किमान एकदा फलंदाजी आणि समोरच्यांचे सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालंच पाहिजे. खेळाडूंची संख्या फार मोठी असली तर त्यात थोडी सूट असते. पण मूळ मुद्दा असा, की वेळ देणं हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. साहजिकच तिथले पालक-प्रशिक्षक हातात तक्ता घेऊन बसतात: कोण कितव्या डावात कुठे उभा होता, कोण बाकावर होता, आणि तोच मुलगा सलग दोन डाव बाकावर नाही ना.

आपण हे कलम जसंच्या तसं उचलू शकत नाही, आणि कारण मजेशीर आहे. बेसबॉलमध्ये मुलाला जागा दिली की वेळ मिळतो. त्यानं झेल सोडला तरी तो डाव संपेपर्यंत तिथेच उभा असतो. खो-खोत संरक्षणाची वेळ वाटून देता येत नाही. तुम्ही फक्त प्रवेश देता. आत गेल्यावर ती मुलगी दहा सेकंदांत बाद होईल की तीन मिनिटं साखळी खेळेल, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी धावत राहील, ते तिच्या पायांवर आणि हुलकावणीवर. म्हणून किशोर गटाच्या वहीत वेळेच्या आधी दुसराच आकडा हवा: किती वेळा मैदानात पाऊल टाकायला मिळालं. ज्या मुलीला पाच सामन्यांत सहा प्रवेश मिळाले आणि एकूण दीड मिनिट जमलं, तिला सराव हवा. जिला पाच सामन्यांत एकच प्रवेश मिळाला तिच्याबद्दल कुठलंही मत बनवायला आधार नाही. 'तिला धावता येत नाही' हे वाक्य या दुसऱ्या मुलीबद्दल सर्रास बोललं जातं.

प्रवेश वाढवण्याची किल्ली क्रमात आहे. बहुतेक सर उत्तम संरक्षक पहिल्या तुकडीत घालतात, एखादी हुकमी मुलगी दुसरीत राखून ठेवतात, उरलेल्या तिसरीत. साखळी सामन्यांत किंवा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढे हाच क्रम ठेवायची गरज नसते. 'एक डाव राखून' जिंकायची वेळ तर आयतीच चालून आलेली संधी. आधी आक्रमण केलेल्या संघाची आघाडी पुरेशी मोठी असली की तो समोरच्या संघाला लगेच दुसऱ्यांदा आक्रमण करायला लावू शकतो. त्यांना पिछाडी भरून काढता आली नाही, तर सामना तिथेच संपतो. विजय मोठा, पण आपल्याला दुसऱ्यांदा आक्रमण मिळत नाही. मिळते ती फक्त संरक्षणाची दुसरी पाळी. भरपूर आघाडी हातात असताना या पाळीला पुन्हा त्याच पहिल्या तीन मुली उतरवणं याला मी आळसच म्हणेन. इथे तिसरी तुकडी पहिली यावी आणि राखीव तिघींतल्या दोघी तिच्यात असाव्यात.

संरक्षण हे असं. आक्रमणाचं लिहिणं वेगळंच आहे, आणि मला ते जास्त आवडतं.

बेसबॉलमधला सहाव्या जागेवरचा मुलगा डावभर सहाव्या जागेवर असतो. खो-खोत कुणीच आपल्या जागी राहत नाही. पाठलाग करणाऱ्यानं बसलेल्याला खो दिला की उठणारा धावतो आणि देणारा त्याच्या चौकात बसतो. अर्ध्या मिनिटात पाटीवरचे चेहरे इकडचे तिकडे झालेले असतात. सुरुवातीला कोण कुठे बसलं एवढंच वहीत लिहिलं, तर पुढच्या साडेसहा मिनिटांचा काही पत्ता लागत नाही. आणि जागेला महत्त्व आहे. पहिल्या आणि आठव्या चौकात, खांबांजवळ, उंच आणि सूर मारणाऱ्या मुली बसवतात, कारण खांबाला वळसा घालणारा धावपटू तिथे सापडतो. मधल्या चौकांत नवख्या. मधल्या मुली कधी कधी अख्खी पाळी नुसता खो घेऊन दोन पावलं टाकून पुढे खो देत राहतात. त्यांच्या नावापुढे 'गडी' येणार कुठून?

यासाठी एक सोपी लिपी पुरते. प्रत्येक खोला फक्त चौकाचा आकडा लिहायचा. सुरुवातीची मांडणी माहीत असली की आकड्यांच्या ओळीवरून सगळी उलथापालथ पुन्हा मांडता येते. करून पाहू. पहिल्या चौकात १ क्रमांकाची, दुसऱ्यात २ क्रमांकाची, अशा आठजणी बसल्या आहेत. ९ क्रमांकाची पाठलागावर. वहीत ओळ आहे: ४, ७, ८, ३, ४. पहिला खो चौथ्या चौकात, म्हणजे ४ उठली आणि तिथे ९ बसली. मग ४ नं सातव्या चौकात खो दिला: ७ उठली, तिच्या जागी ४. सातनं आठव्यात: ८ उठली, तिथे ७. आठनं तिसऱ्यात: ३ उठली, तिथे ८. तीननं पुन्हा चौथ्या चौकात, पण तिथे आता कोण आहे? ९. म्हणजे नऊ पुन्हा धावतेय आणि चौथ्या चौकात ३ बसली. पाच खो झाले, नऊजणींपैकी १, २, ५ आणि ६ अजून उठलेल्याच नाहीत. पाळीभर ही ओळ लिहिली तर शेवटी कोण किती वेळा उठलं याची मोजदाद घरी बसून निवांत करता येते. मैदानावर डोकं चालवावं लागत नाही.

या ओळीत चूक पकडायची सोयही आपोआप येते. खो पाठीमागून द्यायचा असतो आणि बसलेले एकाआड एक विरुद्ध बाजूंना तोंड करून असतात. समजा विषम चौकांतल्या मुली पूर्वेला तोंड करून आहेत, सम चौकांतल्या पश्चिमेला. तिसऱ्या चौकातून उठलेली मुलगी पूर्वेच्या अंगाला उतरते, मधली पाटी ओलांडायची तिला मुभा नाही. त्या अंगाला तिच्याकडे पाठ कुणाची? पश्चिमेला तोंड केलेल्यांची, म्हणजे समांची. म्हणून विषमानंतर सम, समानंतर विषम असाच खो पडत जातो. ओळीत सलग दोन विषम किंवा सलग दोन सम आकडे दिसले, तर एकतर पाठलाग करणारी मधे खांबाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली, नाहीतर लिहिणारीचं लक्ष उडालं. वळसा घातला की आकड्यापुढे एक छोटा गोल काढायचा. गोल नाही आणि सलग दोन सम आहेत, तर तो खो चुकला किंवा लिहिताना सुटला.

हे सामना चालू असताना कोण लिहिणार? सर नाही; त्यांचं तोंड 'खांब बघ गं, खांब!' म्हणण्यात गुंतलेलं असतं. राखीव मुलींपैकी दोघींना हे काम द्यावं: एकीनं मोबाइलच्या स्टॉपवॉचवर टप्प्याचं बटण दाबत वेळ सांगायची, दुसरीनं लिहायचं. अधिकृत सामन्यातही वेळाधिकारी आणि गुणलेखक असतात, त्याची ही घरगुती आवृत्ती. आकडे लिहिता लिहिता या मुलींना खेळ वरून दिसायला लागतो. कोणती मुलगी खो देताना घाई करते, कोण नेहमी एकाच दिशेला वळते, हे त्यांच्या आधी कुणाच्या ध्यानात येत नाही. पण लिहिणाऱ्या बदलत्या ठेवाव्यात. सुवाच्य अक्षराची मुलगी एकदा वहीवर बसली की कायमची बसते, हा शाळांचा जुना अनुभव आहे. हस्ताक्षर चांगलं म्हणून खेळणं सुटलेल्या मुली प्रत्येक पिढीत असतात.

वही साधी शंभर पानी चालते, मात्र जाड पुठ्ठ्याची. शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात आणि रत्नागिरीचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. एका सामन्याला दोन पानं: डावीकडे संरक्षण, उजवीकडे आक्रमण. डावीकडे मुलीचा क्रमांक, तुकडी, वेळ सेकंदांत, आणि कशी बाद. उजवीकडे सुरुवातीची मांडणी, खोची ओळ, कुणी किती गडी टिपले, आणि किती सूर मारले.

सुरांचा रकाना का, असं कुणी विचारेल. हिशेबाची ही दुसरी बाजू आहे आणि ती कमी खेळणाऱ्यांपेक्षा जास्त खेळणाऱ्यांच्या कामाची. लिटल लीगमध्ये २००७ पासून चेंडू टाकणाऱ्या मुलांचे चेंडू मोजतात. ७-८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०, ११-१२ वर्षांच्याला ८५. चौदापर्यंतच्या मुलानं एका दिवसात ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. वाढत्या वयातलं कोपराचं हाड आणि स्नायूबंध मोठ्या माणसासारखे नसतात, एवढं साधं कारण. खो-खोत असा नियम नाही. राज्य-राष्ट्रीय स्पर्धा आता मॅटवरही होतात, पण खेड्यातला सराव लाल मातीवर, आणि त्या मातीखाली जांभा फार खोल नसतो. खांबावरची हुकमी मुलगी चौदाच्या गटात खेळते, कमी पडलं तर सतराच्या गटातही उतरवतात, शिवाय गावच्या मंडळाकडून कुमारी गटात. एकाच महिन्यात तिघेजण तिच्याकडून सूर मारून घेतात आणि तिघांपैकी कुणालाच बेरीज माहीत नसते. गुडघा सुजल्यावर ती बेरीज कळते.

रत्नागिरीत या खेळाची पाळंमुळं पक्की आहेत. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार ही इथली नावं महाराष्ट्राच्या महिला संघात चमकली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत सुरू झालेल्या 'अल्टिमेट खो खो'नं वेळेला थेट गुणांचं मोल दिलं. तुकडी ठरावीक वेळेपुढे टिकली की संरक्षण करणाऱ्यांना गुण मिळू लागले. वेळ मोजण्याची सवय या खेळाच्या हाडात आहे. राष्ट्रीय स्पर्धेत किशोर गटातल्या सर्वोत्तम मुलाला 'भरत' आणि मुलीला 'इला' पुरस्कार देतात, त्यालाही असेच आकडे लागतात. वर जायच्या वाटेवर घड्याळ आहेच. खाली, तालुक्याच्या पहिल्या सामन्यात, ते फक्त चांगल्यांसाठी चालू असतं.

पालकांचा भाग राहिलाच. दर वर्षी एखादी आई शाळेच्या फाटकाशी सरांना गाठते: "सर, आमची पोर नुसती पाणी द्यायला नेता काय?" सर म्हणतात, "अहो ताई, खेळवली की तिला तालुक्याला." दोघंही खरं बोलत असतात. वहीत पाहिलं तर 'तालुका, तीन सामने, प्रवेश १, संरक्षण ४५ सेकंद, आक्रमण एक पाळी, चौथा चौक, उठली ५ वेळा' असं काहीतरी निघतं. मग वाद आवाजाचा राहत नाही, पंचेचाळीस सेकंद पुरेसे की नाहीत एवढाच उरतो, आणि तो वाद चहा घेऊनही करता येतो. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात म्हणून संघात नाव असण्याला वेगळं वजन आलं आहे. प्रमाणपत्रावर मिनिटं लिहिलेली नसतात, त्यामुळे काही पालकांना नाव असलं की पुरतं. मुलीला पुरत नाही. ती गाडीतून येताना कोण किती धावलं ते सगळ्यांचं सेकंदांसकट सांगू शकते.

सगळ्यांना सारखा वेळ द्यावा असं मला वाटत नाही. विभागाच्या सामन्याला घाट चढून गेल्यावर हरायला कुणालाच आवडत नाही, तिसऱ्या तुकडीलाही नाही. पण तालुक्याच्या फेऱ्या, सरावसामने, शेजारच्या शाळेशी मैत्रीचे डाव, इथे प्रत्येक मुलीला प्रत्येक सामन्यात एक प्रवेश आणि आक्रमणाच्या एका पाळीत बसायला जागा, एवढा किमान नियम शाळेनं आपल्यापुरता करावा. आणि मोसमात एकदा तरी मधल्या मुलीला खांबाजवळ बसवावं. बाद फेरीला क्रम सरांचा, त्यात वाटाघाट नाही. मात्र तो आदल्या दिवशी वाचून दाखवावा, सकाळी गाडीत नव्हे. राखीव कोण हे आधी कळलं की मुलगी रडते आणि रात्री झोपते. मैदानावर कळलं की ती सामना बघतच नाही.

चौदाच्या गटातून सतराच्या गटात जाताना मुलीचं पान नव्या सरांकडे जावं, आणि त्यांनी पहिल्यांदा 'कशी बाद' हा रकाना वाचावा. तिथे मिनिटांपेक्षा जास्त माहिती असते. सहापैकी चारदा 'खांब' असेल तर ती वळसा घेताना खांबाच्या फार जवळून जाते. 'मैदानाबाहेर' असेल तर साखळी येते पण कडेची रेषा दिसत नाही. आणि 'उशिरा प्रवेश' दोनदा लिहिलेलं असेल तर धावायला शिकवण्याआधी एवढंच पाहावं, की आधीची तुकडी बाद होत असताना ही मुलगी उभी कुठे असते. बऱ्याच तिसऱ्या तुकड्या, आपली पाळी येणारच नाही असं धरून, पाण्याच्या कॅनजवळ बसलेल्या असतात.